खडकावरची चराईबंदी

चराईबंदीचा अर्ज मी लिहिला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याची जबाबदारीही माझीच.

मी परभणीत एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. चारठाण्याच्या पुढे एका लहान गावाच्या माळावर काळ्या दगडाचा उघडा उतार आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. दुर्मीळ रोपाचा पत्ता फुटला की लोक येतात आणि मुळासकट उपटून नेतात. त्या दगडाच्या भेगांत सूर्यफुलाच्या कुळातलं एक रोप वाढायचं. पानं खरबरीत, दगडाला चिकटलेली. पावसाळा सरत आला की वीतभर दांड्यावर एकच जांभळट फूल. फूल आपण म्हणायचं, खरं तर तो बारीक फुलांचा गच्च गुच्छ असतो. ते नेमकं काय आहे हे ठरवायला मला दोन हंगाम लागले. मराठवाड्यात दुसरीकडे कुठे मला ते सापडलं नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांनाही नाही. पहिल्या मोजणीत एकसष्ट रोपं भरली.

त्या उतारावर एक बाई मेंढरं आणि शेरडं चारायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी दगडावर पालथी पडून भेगेत बघत होते.

"काय हरपलं का बाई?"

"नाही मावशी, झाडं मोजतेय."

"मोजा. जाताना आमची मेंढरंबी मोजून द्या, एक कमीच भरायलंय सकाळपासून."

मी त्यांना रोपाचं नाव विचारलं. "ह्याला नाव न्हाई. लय कडू हाय. शेरडू तोंड लावत न्हाई, मग नाव कशाला ठिवायचं?"

मी वहीत लिहिलं: स्थानिक नाव नाही. कडू असल्याचं लिहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी रोपं दहाएक कमी भरली. काही दांडे मोडलेले होते, भोवती लेंड्या पडल्या होत्या. मला वेगळा पुरावा नको होता. वीस वर्षं वर्गात सांगत आले होते की अशा वनस्पतींना पहिला धोका चराईचा. मी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ग्रामसभेत मोठे करून आणलेले फोटो दाखवले, गावाचं नाव होईल असंही बोलले. नाव फोडायचं नाही असं मीच ठरवलेलं, पण सभेत असं बोलावं लागतं.

मावशी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शेरडं गवत खातेत बाई, तुमचं फूल न्हाई. गवत माजलं तर तुमालाच दिसायचं न्हाई ते."

पुढे बसलेला एक जण वळून म्हणाला, "मावशे, तुला मॅडमपेक्षा जास्त कळायलंय का? जा की मग, तूच शिकव कॉलेजात."

लोक हसले. मी हसले नाही, पुढचा फोटो वर धरला. माझ्या मते त्या स्वतःच्या जनावरांसाठी भांडत होत्या आणि मी रोपासाठी. ठराव झाला. उताराभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण पडलं, फलक लागला. मावशींना कळप लांब कॅनॉलच्या अंगाला न्यावा लागला. गुडघे चालेनात तेव्हा त्यांनी मेंढरं भावाकडे धाडली आणि घरी चार शेरडं ठेवली. हे मला फार नंतर कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

बंदीचं पहिलं वर्ष छान गेलं. एकही दांडा मोडला नाही. मी एका चर्चासत्रात त्यावर बोलले. दुसऱ्या वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन आणि परीक्षेचं काम एकदम आलं, त्यामुळे गेलेच नाही. कुंपण होतं, मला काळजी वाटली नाही.

तिसऱ्या वर्षी फुलायच्या दिवसांत गेले तर खडक दिसेना. कमरेइतकं कुसळी गवत. भेगेत जी मूठभर माती असते तीच त्याने धरली होती. मागच्या दोन वर्षांचं वाळलेलं गवत खाली कुजून थर झाला होता, आणि त्या थराखाली माझी रोपं होती. काळी पडलेली मुळं, हात लावला की भुगा. दुपारपर्यंत शोधलं. जिवंत पाच सापडली. फूल एकालाही नव्हतं.

मी मावशींच्या घरी गेले. म्हटलं, "शेरडं आणा परत. बंदी मी उठवायला लावते."

"आता?" त्या म्हणाल्या. "कुसळ धरलंय त्यानं. जनावराच्या तोंडात, डोळ्यात शिरतंय. कवळं असताना खातेत ते. आता कापावंच लागतंय." आणि आत जाऊन दोन विळे घेऊन आल्या.

दोन दिवस आम्ही कापत होतो. माझ्या ओढणीत, मोज्यांत कुसळं घुसली, पोटऱ्यांतून रक्त आलं. मावशी डाव्या हाताने झुबका धरायच्या आणि बुडाशी विळा असा फिरवायच्या की खालच्या पानाला धक्का लागत नव्हता. मी दोनदा पाहून सोडून दिलेल्या भेगेत त्यांना सहावं रोप सापडलं.

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तवाच म्हणले व्हते."

"हो. मला वाटलं, तुम्ही मेंढरांसाठी बोलताय."

"मेंढरांसाठीच बोलत व्हते की! तुमच्या फुलाचं मला काय करायचंय?" त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. "पन खरं तेच व्हतं."

ग्रामसभेत मी पुन्हा उभी राहिले, चूक माझी होती असं सांगितलं. एक जण म्हणाला, "मॅडम, एकदाचं काय ते ठरवा. दर साली नवीन काहीतरी घेऊन यायलाव." या वेळीही लोक हसले, माझ्यावर. ठराव रद्द झाला.

पुढच्या पावसात गवत कोवळं असतानाच मावशींची चार शेरडं उतारावर गेली. खडक पुन्हा उघडा झाला. सहांपैकी तीन रोपं उरली. ती फुलली नाहीत. सुरुवातीच्या वर्षी मी थोडं बी पाकिटात ठेवलं होतं, तेही प्रयोगशाळेत रुजलं नाही.

यंदा सप्टेंबरात दोनदा गेले. तिन्ही आहेत. मावशी म्हणतात मधलं तग धरेल. त्याची पानं कडेने काळी पडायला लागली आहेत.