विटेवरची बोटे

अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्स्टन शहरात, माझ्या मुलाच्या घराजवळच्या एका जुन्या वाड्याच्या भिंतीतील विटेवर तीन इवली बोटे उमटलेली आहेत. ओली वीट उचलणाऱ्या कुणा गुलाम मुलाची ती बोटे. त्या भिंतीपुढे मला थांबवत नाही आणि तिथून निघवतही नाही. त्या घरात आता एका दुकानात एक कृष्णवर्णीय बाई तिळाची बिस्किटे विकते.

काल एक मार्गदर्शक पर्यटकांना सांगत होता, "हे घर तांदळाच्या एका व्यापाऱ्याने बांधले. आज आपले शहर कृष्णवर्णीयांच्या उद्योगांचेही मनःपूर्वक स्वागत करते."

मला राहवेना. "व्यापाऱ्याने स्वतः विटा थापल्या काय? आणि ज्यांनी हे शहर बांधले, त्यांचे स्वागत करणारे तुम्ही कोण?"

घोळका ओशाळून पुढे सरकला. घरच्याच माणसाला पाहुणा ठरवून हार घालण्याची ही रीत मी आपल्याकडेही पुष्कळ पाहिली आहे. वाद मी जिंकला होता. दुकान मात्र रिकामे होते.

बाई हात पुसत दारात आली. "सर, रोज मनातल्या मनात मी त्याला हेच विचारते. उद्याही या, खुशाल भांडा. फक्त आधी पर्यटकांना आत येऊन बिस्किटे घेऊ द्या."