जाहिरातीतली सायकल

माझ्या निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. मी शाल सावरत ऐकत होतो आणि मनात एकच येत होतं — यांतल्या एकालाही नसीमाचं ठाऊक नाही. बायको पहिल्या रांगेत बसली होती, तिलाही नाही. आज तुमच्यापाशी बोलतो आहे, ते पहिल्यांदाच.

कुठून सुरू करू? टीव्हीपासूनच करतो. आमचं गाव डोणगावच्या बाजूला, तिथल्या शाळेत मी सहावी-सातवीला शिकवायचो. गावात केबल आली आणि पोरं बदलली. डब्यातली भाकर लपवून खायला लागली, सिरियलमधल्या सासवांसारखे एकमेकांवर डाव टाकायला लागली. मी रोज प्रार्थनेनंतर बजावायचो — टीव्हीवरची माणसं वाट्टेल ते बोलतात, त्यांचं खरं मानू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

कारण त्याच उन्हाळ्यात मेहकरच्या केबल चॅनलसाठी एका बीटी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात करायची होती. कंपनीच्या माणसाला खेड्यातलं लेकरू हवं होतं, आणि दोन वाक्यं लिहून देणारा कुणीतरी. शेवटी पडद्यावर ‘लेखक’ म्हणून माझं नाव येईल, असं तो म्हणाला. मी हुरळलो. पैसे मागितलेसुद्धा नाहीत. शेजाऱ्यांनी बघावं, मेव्हण्यानं बघावं — एवढंच डोक्यात होतं.

नसीमा माझ्याच वर्गातली, सहावी संपवून सातवीत जाणारी. आवाज खणखणीत, गॅदरिंगमध्ये कायम पुढे. मी तिला वाक्य दिलं — ‘माझ्या बाबांनी हेच बियाणं पेरलं, म्हणून मला नवी सायकल मिळाली.’ सायकल माझ्या मुलाची होती. पाठ करताना ती अडली.

“सर, माह्या अब्बानं तं हे पेरलंच नाई.”

मी हसलो. म्हटलं, बेटा, टीव्हीत असंच बोलतात, त्याला खोटं म्हणत नाहीत. आणि हे मी लिहिलंय ते कुणाला सांगू नको, पडद्यावर एकदम नाव दिसू दे. तिनं मान हलवली. वाक्य तर असं म्हटलं, की कॅमेरावाल्याला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

जाहिरात लागली. माझं नाव आलंच नाही. मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. पुढे तेच माझ्या पथ्यावर पडलं.

मृगाच्या तोंडावर तिचे वडील, रहीमभाई, शाळेत आले. त्यांचं वावर हलकं, बरडाचं, उताराचं, विहीर नाही. दरसाल ज्वारी, तूर आणि थोडी गावरान कपाशी घ्यायचे. यंदा साऱ्या वावरात जाहिरातीतलंच बियाणं टाकतो म्हणाले.

“पोरीनं साऱ्या गावासमोर सांगतलं, सर, का माह्या बापानं पेरलं. आता लेकराले खोटं पडू देऊ काय? तुमी शिकेल मानूस. चांगलं असन नं थे?”

ते बियाणं भारी जमिनीचं, पाण्याचं होतं. कंपनीच्या माणसानंच चहा पिता पिता मला सांगितलं होतं. माझ्या कोरडवाहू तुकड्यात मी ते पेरणार नव्हतो. आणि मी काय म्हटलं? हो, चांगलं आहे.

तुम्हाला वाटेल, सांगायचं ते एवढंच. नाही — यापुढचं सांगायला जीभ उचलत नाही.

पावसानं ओढ दिली. रहीमभाईंची कपाशी बोंडं धरायच्या आत लाल पडून वाळली. त्यांचं पाहून आणखी काही जणांनी तेच पेरलं होतं, त्यांचंही तसंच झालं. दिवाळीनंतर नसीमा आईबरोबर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायला लागली, शाळेत अधूनमधून यायची. ती दिसली की पोरं जाहिरातीतलं वाक्य तिच्याच आवाजात म्हणायची आणि वर ‘खोटारडी’ जोडायची. तिनं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. सांगू नको म्हटलं होतं ना मी.

मग एका सकाळी ती वर्गात उभी राहिली.

“सर, यायले सांगा नं. थे वाक्य म्या नोयतं बनवलं. मले कोनं देलं, सांगा तुमी.”

मी बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं — वाक्य सरांचंच होतं; माझा मान गेला असता. एवढीच भीती. दुसरं काही नव्हतं. मी फळ्याकडे वळलो आणि म्हटलं,

“बोललीस तर तूच ना, नसीमा?”

पोरं हसली. ती ‘हाव सर’ म्हणाली आणि बसली. मी गणित पुढे सुरू केलं. पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो नाही.

टीव्हीनं लेकरं बिघडवली, असं मी निवृत्त होईपर्यंत भाषणांतून सांगत राहिलो. लोक टाळ्या वाजवायचे. नसीमाला खोटं बोलायला टीव्हीनं शिकवलं नव्हतं, मी शिकवलं. आणि ती खरं सांगायला उभी राहिली, तेव्हा मीच तिला खाली बसवलं.