ब्रीदर पाईपमध्ये ठोकलेला बोल्ट

मंडळी, रागाच्या भरातच हे लिहितेय.

माझी मोटरसायकल जुनी. इंजिनाच्या ब्रीदर पाईपमधून एअर फिल्टरच्या डब्यात तेल यायला लागलं, म्हणून परवा गॅरेजला दिली. "काम झालं वहिनी, आता थेंब येणार नाही," मेकॅनिक म्हणाला.

आज सासूबाईंना मागे बसवून पावस गावाला निघाले. उतारावरच्या वळणावर मागचं चाक सरकलं. "अगो, गाडी घसरतेय!" त्या ओरडल्या आणि आम्ही दोघी रस्त्याकडेच्या मातीत. त्यांचा गुडघा चांगलाच सोलवटला. टायरवर तेलच तेल! इंजिनातलं तेल अडवणारं ऑइल सील बाहेर आलेलं. आणि ब्रीदर पाईपच्या तोंडात चक्क बोल्ट ठोकलेला!

अहो, तो पाईप इंजिनातला दाब बाहेर सोडायला असतो. तोच बुजवला तर तेल दुसरीकडून फुटणारच ना?

नवऱ्याला बोलावलं, गाडी टेम्पोत घालून गॅरेज गाठलं. मेकॅनिक म्हणतो, "तुम्हीच बोललात ना तेल येतंय, मग बंद केलं." वर नवऱ्याकडे वळून, "दादा, तुम्हीच समजवा यांना."

नवरा म्हणाला, "गाडी तिची आहे. तिच्याशी बोल."

तेव्हा कुठे हा पुटपुटला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागेल."

रिंगा झिजल्या की इंजिनातला दाब वाढतो आणि तेल त्या पाईपातून येतं. म्हणजे खरं कारण त्याला माहीत होतं! सगळं माहीत असून बोल्ट ठोकला आणि आम्हाला रस्त्यावर सोडलं.

गाडी मी तिथून उचलली. पण त्याच्या दारात आणखी कितीतरी गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या मालकांना कोण सांगणार?