भेदरं म्हणजे भेदरलेला नव्हे

अन्याय झाला तो माझ्या आबाजींवर, म्हणजे आजोबांवर. कधी? मागच्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, सक्करदऱ्यात, आमच्या वस्तीच्या समाजभवनात. नव्वदी गाठलेल्यांची स्मरणशक्ती तपासायचं शिबिर होतं. तपासणारे साहेब पुण्याकडचे, हातात चित्रांची कार्डं.

"आज वार कोणता?"

"बाजाराचा."

फुली! आमच्याकडे बुधवारी बाजार भरतो, हे साहेबांना कोण सांगणार?

कोथिंबिरीचं चित्र. "सांबार," आबाजी म्हणाले. फुली. साहेबांना इडलीसोबतचं आठवलं असणार. मग टमाट्याचं चित्र. "भेदरं." साहेबांनी लिहिलं, 'रुग्ण भेदरलेला'.

अहो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात अन् टमाट्याला भेदरं!

मग कुहीहून आलेले आबाजींचे धाकटे भाऊ बसले. उत्तरं तीच, फुल्या त्याच. साहेब खूश. "सख्खे भाऊ, चुकाही सारख्या. आनुवंशिक दिसतंय." अन् माझ्याकडे असं पाहिलं, जणू रांगेत पुढचा नंबर माझाच.

म्हातारपणी डोकं किती टिकेल, यात रक्ताचा वाटा असतो. मी कुठे नाही म्हणते? पण भाजीचं नाव रक्तातून येत नाही, बाजारातून येतं.

घरी येताच फुल्यांचा कागद पाहून बाबांनी आबाजींची बाजाराची पिशवी माळ्यावर टाकली. एकटं जायचं नाही, बस. आबाजी दारातच बसून राहिले. "काहून वं पोरी, मी का विसरलो? रस्ता तं मले पाठ आहे."

या बुधवारी मी बाबांच्या नाकासमोर हिरवीगार जुडी धरली. "हे काय?"

"सांबार. काहून?"

"फुली! आबाजींनीही हेच सांगितलं होतं. तुमचंही रक्त गेलं, बाबा."

आबाजी इतके हसले की कवळी सावरावी लागली. "याले घेऊन जा वं शिबिरात!"

बाबांनी गुपचूप स्टूल ओढलं, पिशवी काढली, झटकली अन् आबाजींच्या हातात दिली. "भेदरे पण आणजा," एवढंच म्हणाले.

तुमच्या माळ्यावरही अशी एखादी पिशवी पडली असेल. तपासणाऱ्याला आधी आपल्या गावची भाषा शिकवा, मगच फुली मारू द्या. अन् पिशवी? वाचत काय बसलात, उठा. स्टूल घ्या.