सक्तीचा खेळ

कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या मॅडमच्या जिभेला हाड नव्हतं. मनात मात्र काही नसायचं, म्हणून संध्याकाळी हौसेने व्हॉलीबॉल खेळायला येणारी पोरं त्यांचं बोलणं हसण्यावारी न्यायची.

त्या वर्षी प्राचार्यांनी विचारलं, संघात नसलेली मुलं रोज मैदानावर येतात कशाला? कारणं लेखी द्या, नाहीतर तिथे गाड्या लावू. मॅडमनी कागद वाटले. पोरांनी आरोग्य, शिस्त, एकाग्रता असं छापील लिहिलं. एकाने खरं लिहिलं, ‘मुली येतात म्हणून.’ एका मुलीचा कागद कोराच आला.

तिला सगळे ‘खांब’ म्हणत. जाळीपाशी उभी राहिली की हलायची नाही, चेंडू आला की डोळे मिटायची. पण खाडा म्हणून नाही.

“अगं खांबा, चेंडू जमत नाही, कारण सुचत नाही. मग येतेस तरी कशाला? जाळी बांधायला?” मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या.

पोरं खदाखदा हसली. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

आठवडा गेला. मॅडमना घास गोड लागेना. ऑफिसातून पत्ता काढून त्या तिच्या घरी गेल्या. मुलगी मामाकडे राहायची. ओले हात पुसत मामीने दार उघडलं.

“हल्ली खेळायला येत नाही ती, म्हटलं बघून यावं.”

“खेळायला? अहो, ती तर सांगायची, जादा तास असतात!”

मामीच्या मागे मुलगी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना जिन्यात गाठलं. “घरी कशाला आलात? आता मामा म्हणतो, कॉलेज सुटलं की थेट घरी यायचं.”

“चुकलंच गं माझं. पण खोटं का सांगितलंस?”

“घरी कामापुरती हाक मारतात. वर्गात कुणी तेवढीही मारत नाही. मैदानावर चेंडू आला की सगळे ओरडतात, ‘खांबा, तुझा, तुझा!’” ती कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली. “हे कागदावर कसं लिहायचं, मॅडम?”

बावीस वर्षांत मॅडमनी कुणाची खोटी हजेरी लावली नव्हती. त्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या कागदावर लिहून शिक्का मारला: संध्याकाळचा खेळ सक्तीचा असून त्याला गुण आहेत. मामाने कागद तीनदा वाचला आणि परवानगी दिली.

ती परत आली. पण मामी रोज गुण विचारायची, म्हणून दात-ओठ खाऊन खेळू लागली. चेंडू सुटला की आधी मॅडमकडे बघायची. कुणी ‘तुझा’ म्हटलं तरी दचकायची.

निकाल लागला. गुणपत्रिकेत खेळाचा रकानाच नव्हता. मामी शिक्क्याचा कागद घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत आली. मॅडमनी कबूल केलं आणि जिन्यातलं बोलणंही सांगून टाकलं.

मामी रागावेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली. “आमच्याच मुलींसारखी वाढवली हो तिला,” म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

मॅडमना नोटीस मिळाली. मुलीचं कारण ऐकून प्राचार्यांनी मैदान मात्र वर्षभर तरी राहू दिलं. मामीने येऊ देईन म्हटलं होतं, पण मुलगीच आली नाही. कॉरिडॉरमध्ये भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “ते माझं होतं, मॅडम. सगळ्यांना का सांगितलंत?”