शीलाबाईच्या वतीनं दिलेला नकार

हे मी अजून कोणाले सांगितलं नाई. बायकोलेही नाई. तुमालेच काऊन सांगून राह्यलो, ते मले बी समजत नाई — थकलो असन, दुसरं काय.

आदिलाबादच्या कोर्टात मी पेशकार होतो — जजसायबापुढं फायली ठेवणारा कारकून. भाऊ-भाऊ शेतावरून भांडले, की निकाल लागेपर्यंत कोर्ट एखाद्या वकिलाले रिसीव्हर नेमे — उभा कापूस त्यानं येचून घ्यायचा, इकायचा, पैसा कोर्टात भरायचा. नव्या वकिलाचं नाव त्यातूनच होई, गावोगाव ओळख होई. आणि नाव सुचवायचं कोणी? मी. वर्षानुवर्षं तेच तीन वकील, सारे आमच्याच आळीतले. कोणाले खटकलं नाई. मले तरी कुठं खटकलं?

मग नवे मुन्सिफ सायब आले. तलमडुगूकडच्या एका शेतासाठी त्याइनं सोताहून शीलाबाईचं नाव काढलं. हुशार पोरगी, बौद्ध वस्तीतली, कोर्टातली एकुलती एक वकीलबाई. "पूछ के आओ," म्हणाले.

मी व्हरांड्यात गेलो. ती तिथंच बसली होती. मले पाहून उठली — "काय जी, काका?"

"काई नाई, बस."

आणि आत येऊन सायबाले सांगितलं — बाई नाई म्हणते, खेड्यात जाणार नाई.

काऊन? आता खरंच सांगतो. पहिल्या दिवशी रिसीव्हरसंगं पेशकाराले जावं लागे, आणि दोघाइचं जेवण गावच्या पाटलाच्या घरी, एका पंगतीत. पाटील तिले अंगणात बसवन, असं मले वाटलं. मग मी आत बसू, का तिच्यासंगं बाहेर? बस्, एवढाच पेच! एका जेवणापायी — पाटलानं तर अजून काईच केलं नव्हतं. भेकड होतो मी.

गोष्ट कोर्टभर झाली. बाई खेड्यात जात नाई — लोक तिच्यासमोरच म्हणत. ती आधी हसे, 'मले कोणी इचारलं?' म्हणे. मग तेही म्हणेना. झाडाखाली बसून लोकाइचे ॲफिडेविट लिहीत राह्यली. रोज तिच्यापुढूनच मी आत जात होतो.

अशी बरीच वर्षं गेली. नव्वदीनंतर आलेल्या सायबानं भर कोर्टात तिलेच इचारलं — इचोड्याच्या शेतावर रिसीव्हर म्हणून जाल का? मी मनात म्हटलं, हो म्हण वं माय.

ती उभी राह्यली. खाली पाहत म्हणाली, "नाई जमणार मले, साहेब. सारे म्हंतात, ते खरंच असन."

सायबानं माझ्याकडं पायलं. मी त्या तिघाइतलंच एक नाव सांगितलं.