तळाला हात घालणारी सुलाबाई

तासगावात बेदाण्याच्या शेडवर कुणालाही सुलाबाईचं नाव सांगा, माणूस आधी हसेल आणि मग जरा सावरून बसेल. बाई तीस वर्षं बेदाणा निवडतेय, आता वीस बायकांची मुकादमीण आहे. खोकं उघडलं की वरच्या मालाकडं ती ढुंकूनही बघत नाही. सरळ कोपरापर्यंत हात खुपसते आणि तळातली मूठ वर काढते. वर हिरवागार टपोरा माल आणि खाली काड्या, हे तिनं इतक्यांदा पाहिलंय की तिचा आता कशावरच भरवसा राहिलेला नाही. भाजीवालीची पाटी ती उलटी करते. लेकीला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या घरी जायच्या आधी ती त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं चहा पिऊन आली, आणि ते स्थळ तिथंच मोडलं.

असल्या बाईनं घर घ्यायचं मनावर घेतलं म्हटल्यावर मज्जा कमी आणि ताप जास्त होणार, हे उघडच होतं.

पण हौस म्हणून नाही हो. सुलाबाई आटपाडीकडची. तिच्या बापाची, आज्याची हयात मेंढरांमागं गेली. आज या माळावर, उद्या त्या. नवरा अर्जुना एका दुष्काळात तिला घेऊन तासगावात आला, अकरा वर्षांपूर्वी वारला, आणि तेव्हापासून माय-लेकीनं भाड्याच्या सात खोल्या बदलल्या. प्रत्येक मालकानं कधी ना कधी दारात उभं राहून ‘खोली रिकामी करा’ म्हटलेलं. आत्ताच्यानंही मेअखेरची मुदत दिली होती. आपण आतून कडी लावावी आणि ती कुणी बाहेरून वाजवू नये, एवढीच तिची इच्छा होती. लेक समीक्षा सांगलीत नर्स म्हणून लागली, तिच्या पगारावर बँक कर्ज देईल असं कळलं, तेव्हा बाईनं पदर खोचला.

घर सापडलं विटा रस्त्याच्या एका बोळात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब, मागं शेवग्याचं झाड. मालक नानासो, मिलिटरीतले रिटायर हवालदार. ताठ कणा, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. मुलगा इंद्रजित शिरवळच्या कंपनीत, साताऱ्यात त्याचा फ्लॅट. आता तिकडंच राहायचं म्हणून हे विकायचं, असं केरबा दलालानं सांगितलं. सुलाबाईनं रुपयाच्या नाण्यानं भिंती वाजवून बघितल्या. टाकीचं झाकण काढून आत डोकावली. पावसाळ्यात बोळात पाणी साठतं का, ते तीन घरांत जाऊन विचारलं. घर पसंत पडलं.

पहिल्या बैठकीला तिनं सोबत भाऊ गुंडा नेला होता. केरबा सगळं गुंडाशीच बोलायला लागला. किंमत गुंडाला, कागद गुंडाला, चहासुद्धा आधी गुंडाला. गुंडाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी सुलाबाईनं कागद ओढून घेतला.

“घर मी घेतेय. माझ्याकडं बगून बोल.”

केरबा ओशाळला. मग तिनं नानासोंच्या डोळ्याला डोळा भिडवून भाव पाडला, हात जोडले आणि तीन लाखांचा इसार चेकनं दिला. नानासोंनी पावतीवर सही केली. झालं.

दिवाळी सरली आणि बँकेच्या कामासाठी वकीलबाईंनी जुने दस्त तपासले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घर नानासोंच्या नावावर नव्हतंच. ते त्यांच्या बायकोच्या, रंगुबाईच्या नावावर होतं. ज्या माणसाच्या नावावर दाराची कडीसुद्धा नाही त्याला तुम्ही तीन लाख दिले, असं वकीलबाई म्हणाल्या. सुलाबाई इसाराची पावती उलटीपालटी करून बघत राहिली. भिंती वाजवल्या, टाकी बघितली, आणि नेमकं हेच बघितलं नाही? तीस वर्षं माल पारखणारी मुकादमीण!

नानासोंना विचारलं तर ते अगदी थंड. घर हिच्याच नावावर आहे, ती साताऱ्यात पोराकडं आहे, खरेदीच्या दिवशी सहीला येईल की, असं ते म्हणाले. आणि मग सुरू झाली टोलवाटोलवी. आधी पौष आला, पौषात खरेदी नको. मग रंगुबाईंना प्रवास झेपत नाही. मग मूळ खरेदीखत लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली इंद्रजितकडं, इंद्रजितची रात्रपाळी. मूळ खताशिवाय बँक पैसे सोडणार नाही, आणि बँकेच्या मंजुरीची मुदतही मेअखेरची. इकडं बँकेची फी, तपासणीवाल्याची फी, वकिलाची फी, सगळं भरून झालेलं. वर केरबा अर्धी दलाली आत्ताच द्या म्हणून दारात. घर अजून हवेत होतं आणि पैसे मात्र खरेखुरे चालले होते.

सुलाबाईच्या मनात पाल चुकचुकायला लागली आणि ती काही थांबेना. ती संध्याकाळी शेडवरून मुद्दाम त्या बोळातून घरी जायची. एकदा बघते तर अंगणात ट्रंक उपडी घातलेली, गाद्यांच्या शिवणी उसवलेल्या, कपाटाचे खण बाहेर. नानासो बनियनवर घामाघूम. तिला बघून त्यांनी दार लोटून घेतलं. म्हणजे हा माणूस सामान काढतोय! दुसरं गिऱ्हाईक बघितलंय, आपल्याला टांग मारणार! शेजारणीनं सांगितलं की रंगुबाई नऊ महिने कुणाला दिसलेली नाही, फोनवरसुद्धा नाही. त्यावर गुंडानं आणखी तेल ओतलं. म्हातारी केव्हाच गेली असेल, हा लपवत असेल, उद्या दहा वारस उभे राहतील. सुलाबाईला ते पटलं. रात्रभर पटत राहिलं.

मुदतीला बारा दिवस उरले तेव्हा तिनं पिशवीत दोन किलो बेदाणा भरला आणि विट्यावरून कराड, कराडवरून सातारा अशी एस.टी. धरली. पत्ता तिच्याकडं होता. संक्रांतीला नानासोंनी तिच्याकडूनच बेदाणा घेऊन साताऱ्याला पाठवला होता, तेव्हा खोक्यावर इंद्रजितचा नाव-पत्ता समीक्षानंच लिहिला होता. मेलेल्या बाईला कुणी बेदाणा पाठवतं का, हा विचार तिच्या मनात कराडच्या स्टँडवर आला, पण संशयी माणूस असल्या विचारानं थोडाच थांबतो. पोराला पाठवला असेल, म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर सुनेनं दार उघडलं. तासगावहून बेदाणा घेऊन आलेय म्हटल्यावर तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं आणि ती फोनवर बोलत गॅलरीत गेली. आत कॉटवर रंगुबाई बसलेली. जिवंत. डावा हात मांडीवर पडलेला, डावा पाय तसाच. बोलणं जरा जड, पण डोळे असे की सुलाबाईनं आपसूक पदर सारखा केला.

म्हातारीनं आधी तासगावची विचारपूस केली. शेवग्याला शेंगा धरल्या का? मागच्या पायरीची फरशी हलते ती कुणी बसवली का? सुलाबाईनं येताना डझनभर थापा तयार ठेवल्या होत्या. मी ओळखीची, मी शेजारची, मी सहज आले. त्यातली एकही तोंडातून निघेना.

“आक्का,” ती म्हणाली, “मी तुमचं घर घेतेय. तीन लाख इसार दिलाय.”

रंगुबाई रडली नाही की ओरडली नाही. “कुनाला दिलास?”

“नानासोंना.”

“घर कुनाच्या नावावर हाय?”

“तुमच्या.”

“मग मला इचारलंस?”

सुलाबाईला केरबाची बैठक आठवली. गुंडाच्या हातातला चहा आठवला. घर मी घेतेय, माझ्याकडं बघून बोल, असं तोंड वर करून म्हणणारी ती, आणि सहा महिन्यांत तिनं एकदाही रंगुबाईचा फोन नंबर मागितला नव्हता. म्हातारी जिवंत आहे की मेली एवढंच तिला हवं होतं, सहीपुरती. तिला लाज वाटली. चांगली कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली.

रंगुबाई हळूहळू बोलत राहिली. दोन महिने उपचाराला चल म्हणून तिला आणलं. मग भिंतीपलीकडून फोनवरची बोलणी कानावर पडायला लागली. घर विकायचं, फ्लॅटचं कर्ज फेडायचं, आईला नंतर सांगू. नवरा महिन्यातून एकदा येतो, पायाला तेल चोळतो, शेवग्याच्या गोष्टी सांगतो आणि मुद्द्याचं न बोलता निघून जातो.

“कपाटं उचकटतोय का त्यो?” तिनं विचारलं.

सुलाबाईनं मान डोलावली. उपडी ट्रंक आता तिला उमगली.

“उचकटू दे. तेवढा डबा घे. उघड. तळाला हात घाल.”

उशाशी पत्र्याचा डबा होता, बेदाण्याचा. सुलाबाईनं सवयीनं कोपरापर्यंत हात घातला. तळाशी प्लास्टिक लागलं. तिनं ते बाहेर काढून उलगडलं. मूळ खरेदीखत. ज्याच्यासाठी बँक अडली होती, नानासोंनी गाद्या फाडल्या होत्या, ते. म्हातारीनं घर सोडतानाच ते सोबत आणलेलं.

खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं. पिशवी मांडीवर होती. सून गॅलरीत होती. म्हातारीला उठता येत नव्हतं. तीस वर्षांची कमाई नानासोंच्या खात्यात, वर खोलीमालक दारात. रंगुबाई तिच्याकडं बघत होती.

सुलाबाईनं कागद होता तसा गुंडाळला, तळाला सारला, वरून बेदाणा लोटला आणि झाकण लावलं.

“आक्का, घर इकताय का?”

रंगुबाईनं उजव्या हातानं डबा उशाशी ओढून घेतला. “त्यांना हितं पाठव,” ती म्हणाली. “हेच तोंडानं इचारू देत. मग सांगते.”

म्हणजे उत्तर मिळालंच नाही. परतीच्या एस.टी.त सुलाबाईनं स्वतःला शिव्या घातल्या. कागद हातात आलेला आणि आपण तो ठेवून आलो! मोठं मन दाखवायला कुणी सांगितलं होतं?

तासगावात उतरून ती तडक नानासोंकडं गेली. डब्याचं तिनं चकार शब्दानं सांगितलं नाही. आक्कांनी बोलावलंय, घर विकू का ते तोंडानं विचारा, एवढंच म्हणाली. तो ताठ माणूस पायरीवर बसला. बॉर्डरवर असताना बांधलेलं घर. आपण परत आलो न आलो तर असू दे म्हणून बायकोच्या नावावर केलेलं. “ह्यातनं तुला कुनी हलवणार न्हाई, असा शब्द दिल्ता तिला,” नानासो म्हणाले. “आता कुठल्या तोंडानं इचारू?”   दुसऱ्या दिवशी बोळातल्या घराला कुलूप दिसलं.

चार दिवस कुणाचाच फोन नाही. संशय पुन्हा उलटा फिरून आला. नवरा-बायको एक झाले असतील, आपले तीन लाख घेऊन शेंगा खात बसले असतील. पाचव्या दिवशी अनोळखी नंबर वाजला. तोच जड आवाज. मंगळवारी येते म्हणाली. चेक माझ्या नावाचा, माझ्याच खात्यावर. तुझा इसार किमतीत धरला, तो त्यांच्याकडनं कसा काढायचा ते माझं मी बघते.

मंगळवारी रजिस्ट्रार कचेरीत दुपारी तीनपर्यंत सर्व्हर बंद. मुदतीला दोन दिवस. रंगुबाई बाहेर गाडीत, इंद्रजित तोंड फुगवून झाडाखाली, आणि सुलाबाई दर पाच मिनिटांनी जाऊन गाडी आहे ना बघून येत होती. अखेर नाव पुकारलं. रंगुबाईला खुर्चीसकट उचलून आत नेलं. साहेबांनी मान वर न करता कागद चाळला आणि नानासोंना विचारलं, विक्री मान्य आहे ना, पैसे पोचले ना?

नानासोंनी तोंड उघडलं. एक ‘हो’ आला असता की सगळं पार पडलं असतं. अंगठ्याचं यंत्र समोरच होतं.

“सायेब, त्यांना न्हाई,” सुलाबाई म्हणाली. “बाईंना इचारा.”

 समीक्षानं आईचा दंड धरला. साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं आणि प्रश्न रंगुबाईला विचारला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. 

“व्हय,” रंगुबाई म्हणाली. “मला इचारलं, मी इकलं.” आणि तिनं उजव्या हाताचा अंगठा यंत्रावर ठेवला.

बाहेर आल्यावर नानासोंनी किल्ली खिशातून काढली, आणि सुलाबाईपुढं केलेला हात मागं घेऊन ती बायकोच्या हातात दिली. तिनं ती सुलाबाईला दिली. घर बघून चला आक्का, चहा घेऊन जा, सुलाबाई गाडीच्या खिडकीशी म्हणाली.

“नगं. बगितलं तर अंगठा परत मागीन,” रंगुबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

 शेंगा उतरल्या की साताऱ्याला पाठवते, सुलाबाई म्हणाली. गाडी सुरू झाली तशी म्हातारीनं काच पुन्हा खाली केली.

“पाठव. आन् खोक्यावर नाव माझं घाल.”